कावळा, फांदी आणि पाच पर्याय

माझे वडील रावेरकडे केळी करायचे. बांधावर बसून कोणी काही सांगायला लागलं, अमुक खत टाकलं की घड मोठा पडतो, तमुक व्यापाऱ्याचा काटा चोख आहे, की ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि एकच शब्द विचारायचे: "कशावरून?" समोरच्याने कारण सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला असायचा: "आणि दुसरं काही कारण नसेल कशावरून?" या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडायची.

मी आता जळगावात संध्याकाळी मुलांची प्रवेश परीक्षांची तयारी करून घेतो. कोणाला एमबीए करायचं असतं, कोणाला कायदा, एखाद्याला परदेशातलं विद्यापीठ. या सगळ्यांची एका प्रकारच्या प्रश्नांशी गाठ पडतेच. परीक्षेच्या भाषेत त्याला क्रिटिकल रीझनिंग म्हणतात, मुलं नुसतं सीआर म्हणतात. गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलंसुद्धा इथे चाचपडतात, कारण सूत्र नाही, पाठांतर नाही आणि पाचातले तीन पर्याय बरोबरच वाटतात. माझं ठाम मत आहे की हा प्रकार खान्देशातल्या मुलांना मुळीच परका नाही. वडिलांचे ते दोन प्रश्न म्हणजेच सीआर. परका आहे तो त्याचा इंग्रजी वेश, आणि एक सवय आड येते, ती मोडावी लागते.

आधी हे प्रश्न कुठे येतात ते थोडक्यात. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी, विशेषतः परदेशात, लागणाऱ्या जीमॅट या परीक्षेची रचना नोव्हेंबर २०२३ मध्ये बदलली. आता तिथे ४५ मिनिटांचे तीन विभाग असतात. त्यातल्या भाषेच्या विभागात २३ प्रश्न असतात आणि व्याकरण दुरुस्तीचे प्रश्न गेल्यामुळे उताऱ्यांवरचे प्रश्न आणि सीआर एवढंच उरलं आहे. अमेरिकेतल्या कायद्याच्या शिक्षणासाठी असणाऱ्या एलसॅटमधून ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स, म्हणजे अटी जुळवायची कोडी, काढून टाकली. आता तिथे गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन याच प्रकारच्या तर्काचे आहेत. आपल्याकडच्या क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवी प्रवेश परीक्षेत, १२० प्रश्नांपैकी साधारण पाचवा हिस्सा तार्किक विचाराचा असतो. राज्याच्या एमबीए सीईटीतही विधान आणि गृहीतक, भक्कम आणि कमकुवत युक्तिवाद, कार्य आणि कारण अशा नावांनी हेच प्रश्न येतात. नावं निराळी असली तरी मूळ एकच.

हे मूळ एका उदाहरणातून पाहू. या लेखातली उदाहरणं आणि त्यातले आकडे मी सरावासाठी रचले आहेत.

"एका गावातल्या ४० शेतकऱ्यांनी गेल्या हंगामात केळीच्या घडांना स्कर्टिंग बॅगा, म्हणजे घड झाकायच्या पिशव्या, लावल्या. गावातल्या इतर शेतकऱ्यांपेक्षा त्यांना क्विंटलमागे सरासरी ३०० रुपये जास्त भाव मिळाला. यावरून असं दिसतं की बाकीच्यांनीही बॅगा लावल्या तर त्यांनाही आजच्यापेक्षा जास्त भाव मिळेल."

प्रश्न: हा युक्तिवाद खालीलपैकी कोणत्या गृहीतकावर उभा आहे?

अ) बॅगांचा खर्च क्विंटलमागे ३०० रुपयांपेक्षा कमी येतो.
आ) त्या ४० शेतकऱ्यांनी बॅगा लावल्या नसत्या, तरीही त्यांना तेवढाच जास्त भाव मिळाला असता असं नाही.
इ) बॅगांमुळे केळीवर डाग पडत नाहीत.
ई) बाकीच्या शेतकऱ्यांची बॅगा लावायची तयारी आहे.
उ) केळीचा भाव बॅगेशिवाय दुसऱ्या कशावरही अवलंबून नसतो.

सावद्याचा एक विद्यार्थी हे वाचून लगेच म्हणाला, "सर, इ." घरची केळी असल्याने त्याला बॅगेचं सगळं माहीत होतं: घड झाकला की कीड आणि खरचटणं कमी होतं, साल स्वच्छ राहते, व्यापारी अशा मालाला चांगला भाव देतो. त्याचं ज्ञान खरं होतं आणि उत्तर चुकलं. मोडायची सवय म्हणतो ती हीच. या प्रश्नात तुम्हाला केळीबद्दल काय माहीत आहे हे कोणी विचारत नाही. समोरच्या माणसाने जेवढं सांगितलं, तेवढ्यावरून तो जिथे पोहोचला तिथे पोहोचता येतं का, एवढंच विचारतात.

प्रत्येक युक्तिवादात दोन गोष्टी असतात. एक, समोर ठेवलेला पुरावा. त्याला आधार म्हणू. दुसरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष. दोघांच्या मधे नेहमी एक भेग असते. मांडणारा माणूस ती भेग न बोलता ओलांडतो. ओलांडताना तो पायाखाली जी फळी गुपचूप टाकतो, ती म्हणजे गृहीतक. वरच्या उदाहरणात आधार आहे, 'ज्यांनी बॅगा लावल्या त्यांना जास्त भाव मिळाला.' निष्कर्ष आहे, 'बाकीच्यांनी लावल्या तर त्यांनाही मिळेल.' मधली न बोललेली गोष्ट ही की जास्त भाव बॅगांमुळेच मिळाला. ते ४० शेतकरी मुळातच टिश्यू कल्चरची रोपं लावणारे, खतपाण्याला हात न आखडणारे असतील, तर? त्यांचा माल एरवीही वरच्या भावाने गेला असता. म्हणजे बाकीच्यांनी नुसत्या बॅगा लावून काही हाती लागणार नाही. ही शंका आधीच बंद करणारा पर्याय आ आहे, आणि तेच उत्तर.

गृहीतक ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. पर्याय उलटा करून पाहायचा. उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला तर तो पर्याय पायाचा दगड. तसाच उभा राहिला तर तो भिंतीवरचा रंग. आ उलटा करा: 'बॅगा नसत्या तरी त्यांना तेवढाच जास्त भाव मिळाला असता.' संपलं सगळं. इ उलटा करा: 'बॅगा लावूनही डाग पडतात.' मग भाव दुसऱ्या कारणाने वाढला असेल, घड एकसारखे भरत असतील, रंग चांगला येत असेल. युक्तिवाद थोडा हलतो, पडत नाही.

बाकीचे पर्याय मुलांना का फसवतात हे समजून घेण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. अ मध्ये खर्चाचा मुद्दा आहे. शेतकरी म्हणून तोच पहिला डोक्यात येतो. पण निष्कर्ष भावाबद्दल आहे, नफ्याबद्दल नाही. भाव जास्त मिळूनही तोटा होऊ शकतो, आणि तरीही 'भाव जास्त मिळेल' हे वाक्य खरंच राहतं. म्हणून निष्कर्षातला नेमका शब्द बोटाने दाबून धरायला शिका: भाव की नफा, संख्या की प्रमाण, 'होईल' की 'व्हायला हवं'. ई मध्ये शेतकऱ्यांच्या तयारीची गोष्ट आहे, पण निष्कर्षच 'लावल्या तर' असा आहे. कोणी लावेल की नाही यावर तो अवलंबून नाही. उ ची दिशा बरोबर आहे, पण तो गरजेपेक्षा फार मोठं बोलतो. भाव आवकेवर, सणावर, दिल्लीच्या मागणीवर अवलंबून असला तरी बॅगेचा वाटा राहू शकतो. 'कशावरही', 'कधीच', 'फक्त', 'सगळे' असे शब्द गृहीतकाच्या पर्यायात दिसले की दोनदा थांबा.

'यावरून' आणि 'म्हणून'

निष्कर्षच सापडत नाही, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. निष्कर्ष नेहमी शेवटी नसतो. कधी पहिल्याच वाक्यात असतो आणि पुढे त्याची कारणं येतात. कधी आधी दुसऱ्यांचं मत देतात, मग 'पण' येतो आणि लेखकाचं स्वतःचं म्हणणं त्या 'पण'नंतर लपलेलं असतं. इंग्रजीत 'देअरफोर', 'हेन्स', 'दस' यांच्यापुढे निष्कर्ष येतो. 'बिकॉज', 'सिन्स', 'आफ्टर ऑल' यांच्यापुढे आधार. हे शब्द नसतील तर मी मुलांना दोन वाक्यांच्या मधे 'यावरून' घालून पाहायला सांगतो.

इथे मराठीतली एक गंमत कामाला येते. 'म्हणून' हा शब्द आपण दोन निराळ्या कामांना वापरतो. 'विस्तव पेटला म्हणून धूर झाला' हेही बरोबर, आणि 'धूर दिसतो म्हणून विस्तव असणार' हेही बरोबर. पहिल्यात एका गोष्टीने दुसरी घडवली. दुसऱ्यात एका गोष्टीवरून दुसरी ओळखली. परीक्षेत आपल्याला ओळखण्याची दिशा हवी असते, घडण्याची नव्हे. 'यावरून' घातलं की गोंधळ मिटतो. 'धूर दिसतो, यावरून विस्तव आहे' असं माणूस बोलतो. म्हणजे धूर हा आधार आणि विस्तव हा निष्कर्ष, जरी जगात विस्तवच आधी पेटत असला तरी.

धूर आणि विस्तवाचं हे उदाहरण आपल्या न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं आहे. १९१६ साली प्रतापशेठजींच्या पुढाकाराने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि हिंदुस्थानभरचे अभ्यासक तिथे येऊ लागले. त्या गावच्या मुलांना मी आवर्जून सांगतो की सीआर ही काही अमेरिकेतून आलेली नवलाई नाही. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे अभ्यासक, म्हणतात: डोंगरावर विस्तव आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात. 'जिथे धूर तिथे विस्तव' या नियमाला ते व्याप्ती म्हणतात. न्यायशास्त्रात व्याप्ती उघड सांगायची शिस्त आहे. सीआरचा लेखक ती गिळून टाकतो आणि तुम्हाला शोधायला लावतो. न बोललेली व्याप्ती म्हणजेच गृहीतक.

आणखी एक सुंदर गोष्ट तिथेच आहे. 'जिथे धूर तिथे विस्तव' हे खरं, पण 'जिथे विस्तव तिथे धूर' हे खरं नाही. त्यासाठी ते तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देतात. विस्तव आहे, धूर नाही. त्यांच्या मते धूर व्हायला सरपण ओलं असावं लागतं. ही जी मधली अट, तिला उपाधी म्हणतात. नियम उलटा फिरवण्याची चूक आज परीक्षेला बसणारी मुलं रोज करतात.

पाहा कशी. समजा, एका खरेदी केंद्राचा नियम आहे: ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त असलेला कापूस घेतला जात नाही. नानांचा कापूस केंद्रावर घेतला गेला. यावरून काय नक्की म्हणता येईल? ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नव्हता. बरोबर. आता आप्पांचा कापूस परत आला. यावरून ओलावा जास्त होता असं म्हणता येईल? नाही. कवडी असेल, पाला-कचरा असेल, कागदपत्र अपुरी असतील, केंद्राची त्या दिवसाची खरेदी संपली असेल. नियमाने एकच दार बंद केलं होतं, बाकीची दारं उघडी होती की नाही हे त्याने सांगितलंच नाही. इंग्रजीत 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांतला फरक हाच. 'ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असेल तरच घेऊ' आणि 'ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असेल तर घेऊच' ही दोन वचनं वेगळी आहेत. मराठीत 'तरच' आणि 'तर घेऊच' यात 'च' कुठे बसतो ते बघा, फरक कानालाच कळतो. म्हणून मुलांना सांगतो, 'ओन्ली इफ' दिसला की मनात 'तरच' म्हणा. 'अनलेस' दिसला की 'नसेल तर' म्हणा.

कापसाचा हा प्रश्न अनुमानाच्या प्रकारातला आहे. इथे काम उलटं असतं. भेग शोधायची नसते. दिलेली सगळी वाक्यं खरी धरून, त्यांच्या कुंपणाबाहेर पाऊल न टाकता काय नक्की खरं ठरतं ते सांगायचं असतं. या प्रकारात बरोबर उत्तर बहुधा साधं, जरासं कंटाळवाणं असतं. मोठा आवाज करणारा पर्याय सहसा चुकतो. इंग्रजीतला 'सम' (some) म्हणजे किमान एक, एवढंच धरा. 'काही' म्हटलं की 'सगळे नाहीत' असं आपण बोलताना गृहीत धरतो, तर्कात तसं नसतं. 'मोस्ट' म्हणजे निम्म्याहून जास्त.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार: एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या, म्हणून पहिलीने दुसरी घडवली. आपल्या म्हणीत याचं उत्तर कधीचंच दिलेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं होत नाही. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात.

शिरपूर तालुक्यात झालेल्या नाला खोलीकरणाच्या कामांमुळे हा विषय आपल्याकडे पारावर बोलला जातो, म्हणून त्यावरूनच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. "आमच्या गावात गेल्या उन्हाळ्यात नाला खोल केला. या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी ६ फुटांनी वर आहे. यावरून खोलीकरणाचा उपयोग झाला." आधार खरा, निष्कर्ष बहुधा खराही असेल. पण वडिलांचा दुसरा प्रश्न विचारा: दुसरं काही कारण नसेल कशावरून? पाऊस जास्त झाला असेल. गेल्या वर्षी पाणी उपसणाऱ्या बागा यंदा मोडल्या असतील. धरणाचं आवर्तन वाढलं असेल.

भेग सापडली की तीन प्रकारचे प्रश्न एकाच जागेवरून सुटतात, आणि हे मुलांना कळतं तेव्हा त्यांचा चेहरा बदलतो. युक्तिवाद कमकुवत करा, असं विचारलं तर उत्तर असेल: शेजारच्या ज्या गावात खोलीकरण झालंच नाही, तिथेही पाणी तेवढंच वर आलं. बळकट करा, असं विचारलं तर: शेजारच्या गावात पाऊस तेवढाच झाला, खोलीकरण झालं नाही, आणि तिथे पाणी वर आलं नाही. युक्तिवाद तपासायला कोणती माहिती सगळ्यात उपयोगी, असं विचारलं तर: खोलीकरण न झालेल्या शेजारच्या गावात पाण्याचं काय झालं? 'तिथेही वाढलं' आणि 'तिथे वाढलं नाही' या दोन उत्तरांनी युक्तिवाद दोन विरुद्ध दिशांना जातो, म्हणून तो प्रश्न उपयोगी. तिन्ही ठिकाणी शेजारचं गाव एकच.

हेही लक्षात ठेवा की कमकुवत करणं म्हणजे खोटं पाडणं नव्हे. शेजारी पाणी वाढलं तरी आपल्या गावातलं खोलीकरण वाया गेलं हे सिद्ध होत नाही, फक्त विश्वास कमी होतो. मुलं पूर्ण पाडणारा पर्याय शोधत बसतात आणि बरोबर उत्तर सोडून पुढे जातात.

कारण कधी उलट्या दिशेनेही असतं. 'ज्या मुलांकडे जास्त गाईडं, त्यांना कमी मार्क, म्हणून गाईडांनी नुकसान होतं.' तसं नसून, मागे पडलेलीच मुलं जास्त गाईडं घेत असतील. एवढं पुरे.

टक्केवारीची चूक मात्र नीट पाहायला हवी, कारण ती शिकलेल्या माणसांनाही चकवते. "एका तालुक्यात ५ वर्षांपूर्वी दुचाकी अपघातात जखमी झालेल्यांपैकी २० टक्क्यांनी हेल्मेट घातलेलं होतं. आता हे प्रमाण ४० टक्के आहे. म्हणजे हेल्मेटचा उपयोग कमी झाला." ऐकायला भारी वाटतं. विचारा: रस्त्यावर हेल्मेट घालणारेच किती वाढले? समजा, तेव्हा १०० पैकी ३० जण घालत होते आणि आता ८० जण घालतात. मग आज हेल्मेट न घालणारे फक्त २० जण, पण जखमींमधला त्यांचा वाटा ६० टक्के. निष्कर्ष पार उलटा झाला. जखमींमधलं प्रमाण आणि रस्त्यावरचं प्रमाण ही दोन वेगळी मापं आहेत. एका मापाने मोजून दुसऱ्याचा निकाल देता येत नाही. टक्के दिसले की 'कशाचे टक्के?' हा प्रश्न तोंडातून आपोआप यायला हवा.

योजनांचे प्रश्नही असेच. "भूजल वाचवायचं असेल तर केळीसाठी ठिबकला जास्त अनुदान द्या." ठिबकने एकरी पाणी कमी लागतं, हा आधार. एकूण उपसा कमी होईल, हा निष्कर्ष. मधली भेग: वाचलेल्या पाण्याचं शेतकरी काय करील? समजा पर्याय असा आहे: 'ठिबक बसवलेले शेतकरी वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी वाढवतात.' वर्गात कोणीतरी लगेच म्हणतं, "सर, आमच्याकडे तसं कोणी करत नाही." प्रश्नात लिहिलेलं असतं 'इफ ट्रू', म्हणजे खरं धरलं तर. पर्यायाशी भांडायचं नाही. खरं धरायचं आणि मग युक्तिवादाचं काय होतं ते पाहायचं. भांडण युक्तिवादाशी करायचं असतं.

कोडं सोडवायच्या प्रश्नांबद्दल फारसं सांगायला नको. आवक वाढली तरी भाव वाढला, असं काही देतात आणि विचारतात, हे कसं शक्य आहे? दोन्ही गोष्टी खऱ्या ठेवून त्यांचा मेळ घालणारा पर्याय निवडा. एकच बाजू समजावणारा पर्याय कितीही पटला तरी सोडा.

भाषेचं म्हणाल तर तिची भीती मी कमी लेखत नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजी उतारा वाचताना दुप्पट कष्ट पडतात. त्यावर माझा उपाय असा: उतारा वाचून झाला की पर्यायांकडे पाहण्याआधी, डोळे मिटून, निष्कर्ष घरच्या भाषेत एका वाक्यात सांगायचा. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत, लेवा बोली असेल तर तिच्यात. आई विचारतेय, 'काय म्हणतोय रे हा माणूस?' असं समजून. आईला सांगता आलं तर उतारा कळला. नाही आलं तर पर्याय वाचून काही कळणार नाही, उलट पर्यायच तुम्हाला पढवतील. चोपड्याच्या एका विद्यार्थिनीने तीन आठवडे फक्त एवढंच केलं, उत्तरं दिलीच नाहीत. चौथ्या आठवड्यात ती पर्याय वाचायच्या आधीच भेग सांगू लागली.

वेळेचं गणित परीक्षेप्रमाणे बदलतं. जीमॅटच्या भाषा विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांना थोडी कमी. शेवटी मागे जाऊन प्रत्येक विभागातली जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. क्लॅटला १२० प्रश्न दोन तासांत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, म्हणून दोन पर्याय तरी पक्के खोडता आले तर धाडस करा. एमबीए सीईटीला २०२५ पर्यंतच्या रचनेत २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीला वजाबाकी नाही. तिथे एकही उत्तर कोरं सोडणं म्हणजे तोटाच. पण ४५ सेकंदांत खोल विचार होत नाही, म्हणून विचाराची सवय घरीच, सावकाश, घड्याळ न लावता झालेली असावी लागते. पहिले दोन महिने घड्याळ लावू नका, हा माझा आग्रह आहे. लोक वाद घालतात, मी बदललेला नाही.

सरावासाठी दिवसाला पाच प्रश्न पुरेत, पण पाचही पूर्ण चिरून पाहिलेले. वहीत बरोबर उत्तर लिहू नका. चुकलेला पर्याय आपल्याला का आवडला, ते लिहा. 'खर्च मनात आला.' 'शब्द ओळखीचा होता.' 'घरी असंच होतं.' महिन्याभरात दिसेल की तुमच्या चुका दोन-तीनच जातीच्या आहेत.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. उत्तर खाली आहे, पण आधी 'यावरून' शोधा, मग भेग.

"एका खाणावळीने डिसेंबरमध्ये भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या ताटाची किंमत २० रुपयांनी कमी केली. त्या महिन्यात या ताटांची विक्री दुप्पट झाली. यावरून मालकाने ठरवलं की मे महिन्यातही किंमत कमीच ठेवली तर विक्री अशीच राहील." मालकाचा युक्तिवाद सगळ्यात जास्त कमकुवत कशाने होतो?

अ) डिसेंबरमध्ये मालकाला ताटामागे आधीपेक्षा कमी पैसे सुटले.
आ) त्या भागातल्या ज्या खाणावळींनी किंमत कमी केली नाही, त्यांच्याकडेही डिसेंबरमध्ये भरिताची विक्री जवळपास दुप्पट झाली.
इ) मे महिन्यात काही गिऱ्हाइकं भरीत खात नाहीत.
ई) किंमत कमी केल्याचा फलक बऱ्याच लोकांनी पाहिला होता.
उ) डिसेंबरमध्ये खाणावळीने दुसऱ्या कोणत्याही पदार्थाची किंमत बदलली नाही.

उत्तर आ. अ मध्ये नफा आला, मालक विक्रीबद्दल बोलतोय. इ मधलं 'काही' एका गिऱ्हाइकानेही खरं ठरतं, त्याने विक्री हलत नाही. ई आणि उ तर मालकाच्याच बाजूचे. आ मध्ये मात्र शेजारचं गाव पुन्हा आलं. किंमत न उतरवताही सगळीकडे विक्री वाढली, म्हणजे ती २० रुपयांनी वाढवली नसून थंडीने, बाजारात आलेल्या ताज्या हिरव्या वांग्यांनी आणि शेताशेतातल्या भरीत पार्ट्यांच्या दिवसांनी वाढवली असावी, आणि यातलं काहीच मे महिन्यात नसतं.